नेटवर्कमधली दवंडी : राउटर जाहीर करणारी सेवा कशी चालते, कशी चालवावी



आपल्या मंडळाच्या अभ्यासवर्गात दर सत्रात एकाने तरी साहित्याबाहेरचा विषय साध्या मराठीत समजावून सांगायचा, असा रिवाज आहे. यंदा माझी पाळी. मी घेतलेला विषय जरा आडवळणाचा आहे. संगणकावर पडद्यामागे चालणारी एक छोटी सेवा असते. आजूबाजूच्या सगळ्या यंत्रांना ती अधूनमधून सांगत राहते, की बाहेर जायचा रस्ता माझ्याकडून आहे. साहित्याच्या विद्यार्थिनीने हा विषय का उचलावा? त्याला कारण आहे आणि ते थोडं लाजिरवाणं आहे. ते पुढे येईलच. आधी विषय समजून घेऊ.

आधी शब्द

आपण भाषेची माणसं, म्हणून शब्दांपासून सुरुवात करू.

नेटवर्कला जोडलेल्या प्रत्येक यंत्राला होस्ट म्हणतात. फोन, लॅपटॉप, प्रिंटर हे सगळे होस्ट. होस्टचा शब्दकोशातला अर्थ यजमान. पण इथे हा यजमान अगदी पाहुण्यासारखा असतो. नव्या गावात उतरतो आणि रस्ता विचारत फिरतो.

राउटर म्हणजे दोन नेटवर्कांच्या वेशीवर उभं असलेलं यंत्र. आतल्यांचे निरोप बाहेर आणि बाहेरचे आत पोचवणं हे त्याचं काम.

पडद्यामागे, कुणाच्या नजरेत न येता सतत चालणाऱ्या प्रोग्रामला संगणकवाले डीमन म्हणतात. हा चर्चमध्ये ऐकतो तो सैतान नव्हे. १९६३ च्या सुमारास एमआयटीतल्या प्रोजेक्ट मॅकच्या मंडळींनी हा शब्द घेतला तो मॅक्सवेल या भौतिकशास्त्रज्ञाच्या कल्पनेवरून. मॅक्सवेलने असा एक काल्पनिक जीव कल्पिला होता, जो दारात बसून वेगवान आणि संथ रेणू न थकता वेगवेगळे करत राहतो. न थकता मागे राबणारा, म्हणून डीमन. युनिक्स आणि लिनक्सवर अशा कितीतरी प्रोग्रामांच्या नावाच्या शेवटी 'डी' अक्षर असतं, ते यावरूनच. आजच्या लेखातल्या सेवेचं लिनक्सवरचं नाव आरएडीव्हीडी, म्हणजे राउटर ॲडव्हर्टाइझमेंट डीमन. फ्रीबीएसडीवर तेच काम आरटीएडीव्हीडी करते.

राहिला ॲडव्हर्टाइझमेंट. आपण लगेच साबणाच्या जाहिरातीकडे जातो. पण मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ आहे 'कडे वळवणं', लक्ष वेधणं. आपल्या 'जाहिरात' शब्दातही 'जाहीर' आहेच, म्हणजे उघड केलेलं. त्यामुळे मला इथे सगळ्यात चपखल वाटतो तो जुना शब्द: दवंडी. विकायचं काही नाही, फक्त सगळ्यांना कळवायचं आहे.

अडचण काय होती?

नवा होस्ट नेटवर्कला जोडला की त्याला तीन गोष्टी हव्या असतात. स्वतःचा पत्ता, बाहेर जायच्या दाराचा पत्ता, आणि नावांवरून पत्ते शोधून देणाऱ्या सर्व्हरचा पत्ता. हे सगळं हाताने भरता येतं, पण दोनशे यंत्रं असतील तर भरणारा वेडा होईल.

जुन्या आयपीव्ही४ मध्ये हे काम मुख्यतः डीएचसीपी करते. एक सर्व्हर वही घेऊन बसतो आणि मागेल त्याला पत्ता देतो, सोबत दाराचा पत्ताही सांगतो. राउटरने स्वतःच दवंडी पिटावी ही कल्पना तेव्हाही होती. सप्टेंबर १९९१ च्या आरएफसी १२५६ मध्ये ती लिहिलेली आहे. आरएफसी म्हणजे इंटरनेटचे नियम ज्यांत लिहून ठेवतात ती क्रमांकित टिपणं. पण आयपीव्ही४ मध्ये ती पद्धत जोडकाम म्हणूनच राहिली, फारशी रुळली नाही.

आयपीव्ही६ आलं तेव्हा हीच कल्पना पायात घातली गेली. आज लागू असलेला मुख्य नियम आरएफसी ४८६१, सप्टेंबर २००७ चा. आयपीव्ही६ मध्येही डीएचसीपी आहे, पण बाहेर जायचं दार कुठलं, हे सांगायची सोय तिच्यात नाही. ते फक्त राउटरच्या दवंडीतूनच कळतं. म्हणून आयपीव्ही६ चालवायचं असेल तर दवंडी पिटणारा कुणीतरी लागतोच. मोबाइल नेटवर्कवर तुमच्या फोनला आयपीव्ही६ पत्ता मिळतो, तेव्हाही पत्त्याचा पहिला भाग अशाच दवंडीतून येतो.

संवाद कसा चालतो?

समजा तुम्ही लॅपटॉप नेटवर्कला जोडला. पुढचं सगळं साधारण दोन-तीन सेकंदांत घडतं.

पहिली पायरी. लॅपटॉप स्वतःच स्वतःला एक स्थानिक पत्ता देतो. तो 'एफई८०' ने सुरू होतो आणि फक्त त्या एका तारेपुरता किंवा वायफायपुरता चालतो. पत्ता वापरण्याआधी तो विचारतो, 'हा पत्ता कुणी आधीच घेतलाय का?' कुणी उत्तर दिलं नाही तर पत्ता त्याचा.

दुसरी पायरी. तो हाक मारतो, 'इथे राउटर कोण आहे?' ही हाक सगळ्या राउटरांच्या सामायिक पत्त्यावर जाते: एफएफ०२::२. हिचा प्रकार क्रमांक १३३. उत्तर आलं नाही तर चार-चार सेकंदांनी, एकूण तीनदा.

तिसरी पायरी. आपली सेवा उत्तर देते. हीच दवंडी, प्रकार क्रमांक १३४. ती बहुधा सगळ्यांच्या सामायिक पत्त्यावर जाते: एफएफ०२::१. उत्तर देण्याआधी राउटर अर्ध्या सेकंदापर्यंत मुद्दाम थोडा थांबतो. एकाच वेळी दोन राउटरांनी एकमेकांवर ओरडू नये म्हणून.

चौथी पायरी. लॅपटॉप दवंडीतून उपसर्ग उचलतो. आयपीव्ही६ चा पत्ता १२८ बिटांचा. त्यातले पहिले ६४ बिट राउटर सांगतो, त्याला म्हणायचं उपसर्ग. उरलेले ६४ लॅपटॉप स्वतः बनवतो. दोन्ही जोडले की पूर्ण पत्ता तयार. वही नाही, नोंद नाही, परवानगी नाही. व्याकरणात 'प्र', 'अनु', 'वि' हे उपसर्ग धातूच्या आधी लागून नवा शब्द होतो ना, तसंच. (उपसर्ग म्हणजे त्रास, हा दुसरा अर्थही लक्षात ठेवा. पुढे कामी येईल.)

कुणी हाक मारली नाही तरी सेवा अधूनमधून आपणहून दवंडी पिटतच राहते. कमाल अंतर ठरवून दिलेलं नसेल तर ६०० सेकंद, म्हणजे दहा मिनिटं. पण बरोबर दहा मिनिटांनी नाही! किमान आणि कमाल या दोन आकड्यांच्या मधली कुठलीतरी वेळ ती दर वेळी नव्याने, चिठ्ठी काढल्यासारखी निवडते. किमान साधारण २०० सेकंद असतं. असं का? घड्याळ लावून बोलणारी बरीच यंत्रं एकत्र असली की हळूहळू ती सगळी एकाच ठोक्यावर येतात आणि नेटवर्कवर एकदम गर्दी होते. ते टाळायला ही अनियमितता मुद्दाम ठेवलेली आहे.

सेवा नुकतीच सुरू झाली असेल तर पहिल्या तीन दवंड्या लवकर-लवकर देता येतात, जास्तीत जास्त सोळा सेकंदांच्या अंतराने. आमच्या चर्चमध्ये लग्न ठरलं की तीन रविवार त्याची सूचना वाचतात. एखाद्या रविवारी कुणी आलं नसेल तर पुढच्या वेळी कानावर पडावं म्हणून. इथेही हेतू तोच. निरोप हवेत किंवा तारेत हरवू शकतो, म्हणून तीनदा.

दवंडीत काय काय असतं?

पहिलं, राउटरची मुदत. 'मी इतके सेकंद बाहेरचं दार आहे असं समजा.' ठरवून दिली नाही तर ती कमाल अंतराच्या तिप्पट, म्हणजे १८०० सेकंद, अर्धा तास. आरएफसी ४८६१ प्रमाणे जास्तीत जास्त ९००० सेकंद, म्हणजे अडीच तास. आणि शून्य सांगितलं तर अर्थ होतो, 'मी बाहेरचं दार नाही.' हा शून्य फार महत्त्वाचा आहे.

दुसरं, उपसर्ग आणि त्याच्या दोन मुदती. एक पसंतीची, म्हणजे तोवर नवी कामं या पत्त्यावरून करा. दुसरी वैधतेची, म्हणजे तोवर पत्ता जिवंत धरा. आरएडीव्हीडीत काही लिहिलं नाही तर पसंतीची १४,४०० सेकंद (चार तास) आणि वैधतेची ८६,४०० सेकंद (एक दिवस).

तिसरं, दोन छोटी निशाणं. एक सांगतं की पत्ता डीएचसीपीकडून घ्या. दुसरं सांगतं की पत्ता सोडून बाकीची माहिती तिच्याकडून घ्या.

चौथं, नावं शोधून देणाऱ्या सर्व्हरचा पत्ता. ही सोय नंतर आली. आज तिचा नियम आरएफसी ८१०६, मार्च २०१७ चा.

पाचवं, राउटरचा दर्जा: कमी, मध्यम किंवा उच्च. दोन राउटर असतील तर होस्टने कुणाचं आधी ऐकायचं, ते यावरून ठरतं. हे आरएफसी ४१९१ मधून आलं, २००५ साली.

सेवा कशी चालवायची?

आता प्रत्यक्ष काम. यंत्रावरची फाइल इंग्रजी अक्षरांतच लिहायची असते. इथे मी शब्दांचे उच्चार देते, फाइल उघडलीत की ओळखू येतील.

एक. आधी यंत्राला राउटर बनवा. लिनक्स मुळात दुसऱ्याचे निरोप पुढे ढकलत नाही. कर्नलमधली आयपीव्ही६ ची 'फॉरवर्डिंग' ही सेटिंग १ करावी लागते. ती शून्यच ठेवून दवंडी पिटली तर तुम्ही लोकांना दारापर्यंत बोलावता आणि दार उघडतच नाही. इथे एक खोच आहे. फॉरवर्डिंग चालू केलं की लिनक्स स्वतः इतरांच्या दवंड्या ऐकणं बंद करतो. राउटरने दुसऱ्याचं ऐकून का चालावं, असा त्याचा हिशेब. तुमच्या यंत्राला वरच्या बाजूचा रस्ता दवंडीतूनच मिळत असेल तर त्या बाजूच्या इंटरफेसवर 'ॲक्सेप्ट आरए' ही सेटिंग २ करावी लागते.

दोन. आरएडीव्हीडी बसवा आणि ईटीसी फोल्डरातली आरएडीव्हीडी डॉट कॉन्फ ही फाइल उघडा. त्यात एक 'इंटरफेस' विभाग लिहायचा. इंटरफेस म्हणजे नेटवर्ककार्डाचं नाव, आतल्या बाजूच्या कार्डाचं. हे नाव तीनदा तपासा. का, ते पुढे कळेल.

तीन. त्या विभागात 'ॲडव्ह सेंड ॲडव्हर्ट ऑन' लिहा. हे मुळात बंद असतं आणि ते बरोबरच आहे. कुणीही चुकून दवंडी सुरू करू नये.

चार. आत 'प्रीफिक्स' विभागात तुमचा उपसर्ग लिहा, लांबी ६४. पत्ता आपोआप बनायचा असेल तर साधारणपणे ६४ च लागते. हा उपसर्ग खरोखर तुमच्या यंत्राकडे येणारा हवा, इंटरनेट देणाऱ्या कंपनीने दिलेला. पुस्तकांत उदाहरणासाठी २००१:डीबी८ ने सुरू होणारे पत्ते असतात. ते फक्त उदाहरणासाठीच राखून ठेवलेत, त्यांच्यावर बाहेरून काहीही परत येत नाही.

पाच. बाहेर जायचा रस्ता नसेल, फक्त आतल्या आत जोडणी हवी असेल, तर 'ॲडव्ह डीफॉल्ट लाइफटाइम' शून्य लिहा. पत्ते मिळतील, पण तुम्हाला कुणी बाहेरचं दार समजणार नाही.

सहा. सुरू करण्याआधी आरएडीव्हीडीला उणे-सी हा पर्याय देऊन फाइल तपासून घ्या. मगच सेवा सुरू करा. मग 'आरएडीव्हीडम्प' नावाचा सोबतचा प्रोग्राम चालवा. तारेवर ऐकू आलेली दवंडी तो जशीच्या तशी लिहून दाखवतो. दुसऱ्या यंत्रावर रस्त्यांची यादी पाहिलीत तर मुख्य रस्ता एफई८० पत्त्याकडून, दवंडीतून आलेला असं दिसेल.

सात. फायरवॉलमध्ये आयसीएमपीव्ही६ सरसकट बंद करू नका. दवंडी त्याच्यावरूनच जाते. आयपीव्ही४ च्या काळातली 'पिंग बंद म्हणजे सुरक्षित' ही सवय इथे घात करते.

आठ. थांबवताना सेवा रीतसर थांबवा. रीतसर थांबली तर ती जाताना शेवटची दवंडी पिटते, राउटरची मुदत शून्य सांगून. ऐकणारे लगेच तिला यादीतून काढतात. तार उपटली किंवा जबरदस्तीने मारली तर हा शेवटचा निरोप जात नाही आणि लोक जुन्या शब्दावर विसंबून राहतात.

माझी चूक

आता ते लाजिरवाणं कारण.

मंडळाचे जुने अंक एका छोट्या संगणकावर ठेवून कॉलेजच्या नेटवर्कवर सगळ्यांना वाचता यावेत, अशी माझी कल्पना होती. ते शिकण्यासाठी मी लॅपटॉपवर दोन आभासी संगणक बनवून आरएडीव्हीडीचा सराव करत होते. घरी सगळं नीट चालायचं. एका दुपारी मोकळा तास होता म्हणून लॅबमध्ये बसले, लॅबची तार लॅपटॉपला लावली आणि फाइलमध्ये आभासी कार्डाच्या ऐवजी खऱ्या कार्डाचं नाव लिहिलं. उपसर्ग पुस्तकातला, २००१:डीबी८ वाला. मुदत ९००० सेकंद. मोठा आकडा म्हणजे चांगला, अशी माझी समजूत. सेवा सुरू केली. माझ्या आभासी संगणकांना काहीच मिळालं नाही, मी कंटाळले, तेवढ्यात तासाची घंटा झाली. तार उपटली, लॅपटॉप मिटला, वर्गात गेले.

लॅबमधल्या संगणकांनी मात्र माझी दवंडी ऐकली होती. आमच्या लॅबला आयपीव्ही६ नव्हतंच, त्यामुळे दुसरा दवंडी पिटणारा कुणी नव्हता. सगळ्यांनी विश्वासाने माझा उपसर्ग लावून पत्ते बनवले आणि मला बाहेरचं दार मानलं. मी निघून गेल्यावरही अडीच तासांपर्यंत त्यांची तीच समजूत होती. कुठलीही साइट उघडायची झाली की आधी माझ्या दिशेने प्रयत्न, तिथे कुणी नाही, काही सेकंदांनी हार मानून जुन्या आयपीव्ही४ च्या वाटेने. नवे ब्राउझर दोन्ही वाटा जवळजवळ एकाच वेळी चाचपून पाहतात, म्हणून त्यांना हे फारसं जाणवत नाही. लॅबमधले ब्राउझर जुने. पानं अर्धवट उघडायची, फॉर्म जमा करताना वेळ संपायचा.

आणि तो दिवस शिष्यवृत्तीच्या फॉर्मच्या मुदतीच्या आदल्या दिवशीचा होता. लॅबचे मामा संध्याकाळपर्यंत धावपळ करत होते. त्यांनी राउटर दोनदा बंद-चालू केला, बाहेरच्या केबली तपासल्या, काही निघालं नाही. निघणार कसं? दोष असलेलं यंत्र माझ्या पिशवीत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी संगणक नव्याने सुरू केले तर सगळं ठीक. वरून शेरा आला, लॅबची निगा नीट राखली जात नाही. फर्स्ट इयरच्या एका मुलीला फॉर्म भरायला दुसऱ्या दिवशी गावातल्या सायबर कॅफेत रांग लावावी लागली.

मला त्याच रात्री कळलं. मुदतीबद्दलचं प्रकरण वाचताना आकडा पाहिला आणि पोटात गोळा आला. तरी मी दोन दिवस गप्प बसले. कुणालाच कळणार नाही, हेही मला माहीत होतं. दवंडीवर सही नसते ना!

तिसऱ्या दिवशी लॅबमध्ये गेले तर मामा भिंतीजवळ गुडघ्यांवर बसून एकेक केबल काढून पुसून पुन्हा लावत होते. म्हटलं, 'मामा, केबलीत काही नाही. ती चूक माझी होती.' आणि सगळं सांगितलं. ते जरा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, 'दोन दिवस झोप नाही गं मला. आधी सांगायचंस की.' रागावले असते तर बरं वाटलं असतं. आम्ही दोघं मिळून विभागप्रमुखांकडे गेलो. त्यांनी शेरा मागे घेतला आणि मला एकच काम दिलं. हे सगळं नीट लिहून काढ, पुढच्याने करू नये म्हणून. हा लेख म्हणजे ते काम.

खोट्या दवंडीपासून बचाव

माझ्यासारखे बरेच जण असतात. फेब्रुवारी २०११ च्या आरएफसी ६१०४ मध्ये अशा चुकीच्या दवंड्यांचा प्रश्न सविस्तर मांडलाय. त्यात दुष्ट हेतूने केलेल्यांबरोबर साध्या चुकांचीही नोंद आहे. नेटवर्क सांभाळणाऱ्याने चुकीची सेटिंग केली, किंवा कुणी लॅपटॉपवर 'इंटरनेट शेअर करा' हा पर्याय नकळत चालू ठेवला.

मुळात अडचण विश्वासाची आहे. चर्चमध्ये लग्नाची सूचना वाचतात तेव्हा शेवटी सांगतात, कुणाला काही अडचण ठाऊक असेल तर कळवावी. नेटवर्कवर असं विचारणारं कुणी नाही. होस्ट एवढंच पाहतो की निरोप याच तारेवरून आलाय. त्यासाठी निरोपावरचा 'हॉप लिमिट' हा आकडा बरोबर २५५ हवा. मधल्या राउटरातून गेला तर तो कमी होतो, म्हणून लांबून कुणी खोटी दवंडी पाठवू शकत नाही. पण शेजारच्या खुर्चीवरून पाठवू शकतो. निरोप जवळून आला म्हणजे तो खरा आहे, असं नाही.

उपाय असे आहेत:

पहिला, स्विचवरचा पहारा, आरए गार्ड. आरएफसी ६१०५ मध्ये तो सांगितलाय. ज्या सॉकेटला खरा राउटर जोडलाय तिथूनच दवंडी आत येऊ द्यायची, बाकी सॉकेटांवरून आलेली तिथेच टाकून द्यायची. स्विचमध्ये ही सोय असेल तर चालू करून घ्या.

दुसरा, जे सर्व्हर हाताने सेट केलेत त्यांना दवंडी ऐकायचंच बंद करा: 'ॲक्सेप्ट आरए' शून्य.

तिसरा, नेटवर्कवर एक कान ठेवा. आरएडीव्हीडम्प अधूनमधून चालवा आणि अनोळखी आवाज दिसतो का बघा.

चौथा, सहीवाली दवंडी. सेंड नावाची पद्धत मार्च २००५ च्या आरएफसी ३९७१ मध्ये लिहिलेली आहे. ती वापरात मात्र फारशी आली नाही.

चुकीची दवंडी सापडली आणि ती पिटणारं यंत्र हाताशी नसेल तर? ऐकणाऱ्या यंत्रांचं नेटवर्क एकदा बंद करून चालू करा, जुनी समजूत पुसली जाते. आमच्या लॅबमध्ये सकाळी हेच आपोआप झालं होतं. आणखी एक लक्षात ठेवा. राउटरची मुदत शून्य करून लगेच मागे घेता येते, पण उपसर्गाची वैधता तशी झटकन मागे घेता येत नाही. सही नसलेल्या दवंडीने ती दोन तासांच्या खाली आणता येत नाही, असा आरएफसी ४८६२ चा नियम आहे. कुणी खोडसाळपणे सगळ्यांचे पत्ते एका फटक्यात मारू नयेत म्हणून. म्हणजे दिलेला शब्द मागे घ्यायलाही वेळ लागतो. म्हणून मुदत सांगतानाच बेताची सांगा.

अभ्यासासाठी

ज्यांना करून पाहायचंय त्यांनी दोन आभासी संगणक फक्त एकमेकांना जोडा, बाहेरची तार काढून ठेवा. मग हे करून पाहा.

एकावर आरएडीव्हीडी चालवा, मुदत ६० सेकंद ठेवा. दुसऱ्यावर पत्ता आला का बघा. सेवा रीतसर थांबवा आणि मुख्य रस्ता किती वेळात गेला ते मोजा. पुन्हा सुरू करा, आता जबरदस्तीने मारा आणि पुन्हा मोजा. दोन आकड्यांतला फरक वहीत लिहा.

मग दोन प्रश्नांची उत्तरं लिहा. बाहेर रस्ता नसताना राउटरने कुठली मुदत सांगावी, आणि का? दोन राउटरांनी वेगवेगळे उपसर्ग जाहीर केले तर होस्टकडे किती पत्ते येतील? (दुसऱ्याचं उत्तर तुम्हाला वाटतं त्याहून जास्त आहे. स्थानिक पत्ता विसरू नका.)

मंडळाच्या जुन्या अंकांचा छोटा संगणक आता लॅबमध्ये मामांच्या टेबलाशेजारी ठेवलाय. त्यावर आरएडीव्हीडी नाही, कारण त्या कामाला तिची गरजच नव्हती. पत्ता भिंतीवर चिकटवलाय. अंक वाचायला या, आणि तुमचं यंत्र लॅबच्या तारेला लावण्याआधी मामांना विचारा.